बायपासमध्ये गेलेले ११ गुंठे

आमचं रान मिरजेच्या पूर्वेला. रत्नागिरीकडनं येणारे ट्रक शहरात न शिरता बाहेरून निघावेत म्हणून महामार्गाला वळण दिलं आणि ते वळण नेमकं आमच्या विहिरीच्या आणि द्राक्षबागेच्या मधून आलं. गेले ११ गुंठे, पण रान दोन तुकड्यांत.

पेपरात ‘३ए’ची, म्हणजे महामार्गासाठी जमीन घेणार असल्याची जाहिरात आली. तिथून २१ दिवसांत हरकत द्यायची असते. आम्ही दिली. रस्ता काही हलला नाही, तो हलणारही नव्हता. पण विहीर, ठिबक, बांधावरची झाडं सगळं त्या अर्जात लिहिलं होतं आणि पोचही ठेवली होती. ती पुढं कामाला आली.

संयुक्त मोजणीच्या दिवशी मी बेदाण्याच्या सौद्याला सांगलीत. रानात धाकटा भाऊ. त्यानं वरची बाग दाखवली, जमिनीखालची पाईपलाइन दाखवायची राहिली. चूक आमचीच. जमिनीच्या आणि त्यावरच्या मालमत्तेच्या किमतीवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, म्हणजे यादीतून सुटलेली वस्तू दुप्पट नुकसान करून जाते. खरेदीच्या पावत्या आणि हरकतीची पोच जोडून पुन्हा अर्ज केला. चार महिन्यांनी माणूस आला, दोन ठिकाणी उकरून पाईप दाखवली, तेव्हा कुठं नोंद झाली.

दराचं म्हणाल तर आम्ही नशीबवान. आमच्या वेळी गुणांक, म्हणजे जमिनीच्या बाजारभावाला गुणायचा आकडा, २ होता, त्यावर शंभर टक्के दिलासा, त्यामुळं जमिनीला चौपट मिळाले. २०२१ मध्ये राज्यानं राष्ट्रीय महामार्गांसाठी तो १ केला. याच महामार्गावरच्या चोकाक ते अंकली पट्ट्यातले शेतकरी चौपटीसाठी आंदोलन करत होते ते त्यामुळंच.

खरा वेळ गेला सातबाऱ्यात. आजोबा गेल्यावर वारसनोंदीत दोन्ही आत्यांची नावं लागलेली. निवाडा झाला, पैसे जमा झाले, पण सगळ्यांच्या सह्या नसतील तर वाटप होत नाही. भावकीतला एकजण म्हणाला, “हक्कसोड करून घ्या की!” मी अथणीला थोरल्या आत्याकडं गेलो. जेवण झाल्यावर कागद काढला. ती म्हणाली, “बाग लावली तेव्हा कुणी विचारलं नाही, आता रस्ता आल्यावर आठवण झाली व्हय रे?” मी कागद परत पिशवीत घातला. दोघींना त्यांचा हिस्सा दिला, आठवड्यात सह्या झाल्या. सोसायटीचा बोजा आमच्या हिश्श्यातनं वळता झाला. या मोबदल्यावर आयकर लागत नाही, टीडीएस कापायला लागले तर २०१३च्या भूसंपादन कायद्याचं कलम ९६ दाखवा.

आणि एक, भराव पडायच्या आधी रस्त्याखालून आडवा सिमेंटचा पाईप टाकून मागा. आम्ही ठेकेदाराच्या माणसामागं आठ दिवस फिरून तो टाकून घेतला. आज विहिरीचं पाणी त्यातनंच बागेला जातं. शेजाऱ्यानं नंतर बघू म्हटलं, तो आता टँकर लावतोय.