शेवटच्या काळातल्या एचएमटी : संग्रहात दोन नवी जनता

गेल्या नोंदीनंतर दोन घड्याळं आली. दोन्ही जनता, म्हणजे एचएमटी या सरकारी कंपनीचं हाताने चावी द्यायचं मॉडेल, आणि दोन्ही अगदी उतरत्या काळातली. आपल्यातले बहुतेक संग्राहक १९६१ला सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरचा कारखाना उभा राहिला, त्या पहिल्या दशकांतल्या नगांच्या शोधात असतात. मला ओढ आहे ती दुसऱ्या टोकाची. ६ जानेवारी २०१६ला केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, त्याच्या आधीच्या थोड्या वर्षांतला माल. टायटनचं बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ १९८७ पासून बाजारात होतं, मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आला होता, तरीही चावीचं ०२३१ मशीन, सतरा ज्युएल (चाकांची झीज कमी करणारे खडे) आणि तासाला १८,००० ठोके, असं घड्याळ कारखान्यातून बाहेर पडत होतं. ही चिकाटी मला फार मोलाची वाटते.

पहिला नग निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी असलेल्या एका आजोबांनी २०१३ला विकत घेतलेला आणि लग्नकार्यापुरता वापरलेला. डबी आहे, दुकानाच्या शिक्क्याचं वॉरंटी कार्ड आहे, त्यावर तारीख आहे. या काळातल्या नगाला कार्ड असेल तर मी किमतीवर फार ताणत नाही. डायलवरून शेवटची दहा-पंधरा वर्षं वेगळी काढणं अवघड जातं. तारखेचा कागद मिळाला की तो नग इतरांसाठीही मापदंड होतो. म्हणून डायल, काटे, चावीचं डोकं, झाकणाची आतली बाजू, सगळ्यांचे फोटो मोजपट्टीसकट काढून ठेवलेत.

दुसरा बेळगावच्या खडेबाजारातला, बिनकागदाचा. तो घ्यावा की नाही हे घड्याळवाल्या मामांनी ठरवलं. झाकण उघडून भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "डायल रंगवलेली न्हाई ही. अक्षराची कड बघा की, कशी स्वच्छ हाय." मी पाहिलं. एचएमटीच्या खुणेची बारीक टोकं शाबूत, 'पॅरा शॉक' (धक्क्यापासून संरक्षण असल्याची खूण) ही अक्षरं एका ओळीत, आणि डायलच्या खालच्या कडेची अगदी बारीक छपाई वाचता येण्याजोगी. पुन्हा रंगवलेल्या डायलवर नेमकी हीच जागा बिघडते. अक्षरं फुगतात, ओळ किंचित वर-खाली होते, खालची छपाई गायब असते किंवा रंगाखाली अर्धी बुडते. स्क्रूंच्या खाचाही कोऱ्या होत्या, म्हणजे मशीनला फार हात लागलेले नाहीत. मामांनी पूर्ण खोलून साफ केलं, नवं तेल घातलं. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून, दिवसाला बारा सेकंद पुढे जातंय. बॅलन्सची, म्हणजे मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाची, झेप चांगली आहे. बारा सेकंद मी तसेच ठेवणार आहे, वेग कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरला हात लावायची गरज नाही.

उशिराच्या नगांचा हा मोठा फायदा. जुन्या घड्याळात तीन पिढ्यांच्या कारागिरांचे सुटे भाग बसलेले असतात. हे बऱ्याचदा जसंच्या तसं सापडतं. उलट धोकाही आहे. कारखाना बंद झाल्याची बातमी पसरली तेव्हा भाव चढले आणि सुट्या भागांतून जुळवलेले, चकचकीत रंगांच्या डायलचे 'नवे कोरे' नग बाजारात भरले. नारिंगी किंवा पोपटी डायलची पायलट (एचएमटीचंच दुसरं मॉडेल) कोणी जुना कोरा स्टॉक म्हणून दाखवली तर मी पुढे चौकशीसुद्धा करत नाही.

देवनागरी आकड्यांची जनता अजून हाती लागलेली नाही. सीमाभागात वाढलेल्या माणसाला मनगटावर इंग्रजी 12च्या जागी देवनागरी १२ असंच लिहिलेलं दिसावं असं वाटणारच. पण मागणी जास्त म्हणून रंगवलेल्या डायलीही यातच जास्त, आणि आत्तापर्यंत दाखवायला आलेल्या एकाही नगाची छपाई मला पटली नाही. संकेश्वरच्या एका घरात कार्डासकट एक आहे असं कळलंय. दिवाळीनंतर जाऊन बघणार आहे. तोवर कुणाकडे २००५ नंतरच्या तारखेचं कार्ड असलेली जनता किंवा पायलट असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूचा आणि डायलच्या खालच्या कडेचा फोटो हवा आहे. घड्याळ विकायचं नसलं तरी चालेल.