तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर चालणाऱ्या बाईला व्यायाम कशाला?

"सिस्टर, तुम्हाला कशाला हवा वेगळा व्यायाम? दिवसभर चालताच की!" पेशंटचे नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, घरचेही म्हणतात. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते, म्हणजे पुन्हा विचारू नका.

आधी माझ्या बाजूचं बोलू. नोकरीला लागले तेव्हा हा प्रश्न मला कौतुकच वाटायचा. जिमला पैसे भरणाऱ्या मैत्रिणींना मी ऐकवायची, "मला तर चालण्याचे पैसे मिळतात." तेव्हाची मी अगदीच काही चूक बोलत नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते आणि त्यात कामावरची हालचालही धरते. पूर्वी सलग दहा मिनिटं व्हायलाच हवीत अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकली. त्याआधी १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे कर्मचारी तपासले होते. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांची मापं काढली तर ड्रायव्हरांच्या कमरा मुळातच मोठ्या निघाल्या. म्हणजे फरक नोकरीने केला की माणसंच वेगळी होती? पण ही पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. मीही सांगायची नाही.

मग ती दुपार आली. ड्यूटी संपत आली होती, पुढच्या पाळीला काम सोपवायची, म्हणजे हँडओव्हरची, तयारी चालू होती आणि एका पेशंटचं हृदय थांबलं. मी बेडपाशीच होते, म्हणून छाती दाबायला मीच सुरुवात केली. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे सगळं मला तोंडपाठ आहे, सरावाच्या पुतळ्यावर कितीदा केलंय. सुरुवात चांगली झाली. मग खांद्यांत आग पेटली, कोपरं वाकायला लागली. मोठ्याने आकडे मोजत होते, ते आपोआप बंद पडलं, कारण श्वासच पुरेना. आपण अजून नीट दाबतोय असं मला वाटत होतं. तेवढ्यात पायथ्याशी उभ्या असलेल्या डॉक्टर म्हणाल्या, "खोली कमी पडतेय. सिस्टर, बदला." अदलाबदल दोन मिनिटांनी करायची असते. ती दोन मिनिटं अजून झाली नव्हती.

शेजारच्या बेडसाठी पोर्टेबल मशीन घेऊन आलेला एक्स-रे टेक्निशियन पुढे झाला. हा ड्यूटीचा बराचसा वेळ खुर्चीत असतो आणि संध्याकाळी धावायला, वजनं उचलायला जातो. आम्ही त्याला चिडवायचो, "बसायचा पगार घेतोस आणि घाम गाळायला पैसे भरतोस." त्याने हात ठेवले आणि पूर्ण दोन मिनिटं एका लयीत दाबलं. मी औषध भरायला वळले, तर सिरिंज धरलेला हात थरथरत होता. पेशंटचं हृदय परत सुरू झालं, त्यांना आयसीयूत हलवलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

भांडायला मुद्दे होतेच माझ्याकडे. छाती दाबताना सगळेच थकतात, दोन मिनिटांचा नियम त्याचसाठी आहे. तो गडीसुद्धा दुसऱ्या फेरीत घामाने निथळत होता. आणि तो आला होता खुर्चीतून उठून, मी आले होते सबंध ड्यूटी उभी राहून, पेशंट कुशीवर वळवून, ट्रॉल्या ढकलून. थकलेल्या बाईची ताज्या माणसाशी तुलना करायची आणि वर म्हणायचं, बघा, हिच्या चालण्याचा उपयोग नाही! पण त्याच दमात हेही मान्य करायला हवं की एवढ्या चालण्याने माझ्या खांद्यांत आणि छातीत तो दम आलाच नव्हता. वॉर्डातलं चालणं म्हणजे चार पावलं, थांबा, वाका, परत चार पावलं. नाडी चांगली वर जाईल इतका जोर त्यात क्वचितच लागतो, आणि पूर्ण उतरावी इतकी उसंतही मिळत नाही.

कामावरच्या श्रमांचा अभ्यास करणारे डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी साधारण हेच म्हणतात. कामावरचे श्रम लांबलचक, दम वाढवायला अपुरे. जड उचलल्याने आणि एका जागी उभं राहिल्याने रक्तदाब चढलेला राहतो. आणि थांबायचं कधी हे श्रम करणाऱ्याच्या हातात नसतं. २०१८ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून त्यांनी दाखवलं की जास्त अंगमेहनतीच्या नोकऱ्यांतल्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी जास्त होता. बायकांमध्ये तसं दिसलं नाही. (यात आनंद मानायचा की नाही, कोण जाणे.) मग २०२१ मध्ये नॉर्वेतल्या चार लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास आला आणि शिक्षण, धूम्रपान वगैरे हिशेबात धरल्यावर तिथे मेहनतीची कामं करणारे पुरुष कमी जगलेले दिसले नाहीत. आता कुणाचं धरायचं?

आणखी एक अभ्यास मला डाचतो. २००७ मध्ये अमेरिकेत हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या ८४ बायकांपैकी काहींना सांगितलं की तुमचं काम हाच चांगला व्यायाम आहे. चार आठवड्यांनी त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडा उतरला होता. मोठी गंमत आहे! मला तर सगळे न विचारताच रोज हेच सांगतात. माझा रक्तदाब काही ऐकत नाही.

म्हणून हल्ली मी जमेल तसं वजनं उचलते, जिने मुद्दाम वेगाने चढते. नाइट लागल्या की सगळं बंद. त्या आठवड्यात कुणी "व्यायाम करायला हवा हं" म्हणालं, तर मी त्याला पायांवरच्या फुगलेल्या शिरा दाखवते. मागे तपासणीच्या फॉर्मवर 'व्यायाम करता का' असा रकाना होता. मी लिहिलं, "कामावर रोज, घरी अधूनमधून." डॉक्टरांनी वाचलं आणि 'नाही'वर खूण केली. मी वाद घातला नाही, पण मला ते पटलेलंही नाही. 'हो'वर खूण केली असती तरी पटलं नसतं.