शब्द कोणाच्या बाजूने बोलतो?

इंग्रजीतील गोंधळात टाकणाऱ्या शब्दांच्या जोड्या समजावताना बहुतेक पुस्तके दोन्ही शब्दांचे मराठी अर्थ शेजारी शेजारी छापतात आणि विषय तिथेच संपवतात. मला ही पद्धत अपुरी वाटते, कारण यांतील पुष्कळ जोड्यांमध्ये घटना एकच असते. बदलते ती फक्त सांगण्याची बाजू.

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांत पैसे एकदाच हात बदलतात, परंतु देणाऱ्याकडून पाहिले तर ते ‘लेंड’ होते आणि घेणाऱ्याकडून पाहिले तर ‘बॉरो’. मराठीत ‘उसने’ हा शब्द कायम ठेवून आपण त्याला ‘देणे’ किंवा ‘घेणे’ जोडतो. इंग्रजीत मात्र ही दिशा शब्दाच्या पोटातच दडलेली असते, म्हणून मराठी भाषकाची येथे हमखास गल्लत होते. ‘एमिग्रेट’ आणि ‘इमिग्रेट’ यांचेही तसेच आहे. लॅटिनमधून आलेल्या पहिल्या उपसर्गाचा अर्थ ‘बाहेर’ आणि दुसऱ्याचा ‘आत’. एकच माणूस सोडलेल्या देशाच्या दृष्टीने एमिग्रंट आणि पोहोचलेल्या देशाच्या दृष्टीने इमिग्रंट ठरतो.

या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची जोडी मला ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ ही वाटते. कपाटाची किल्ली एकाच कर्मचाऱ्याकडे होती, एवढेच वाक्य कोणी चोरीच्या चर्चेत उच्चारले, तर त्यातून आरोप सुचवणारा बोलणारा ‘इम्प्लाय’ करतो आणि ते ऐकून निष्कर्ष काढणारा ‘इन्फर’ करतो. हा भेद केवळ व्याकरणाच्या शिस्तीचा नाही. ‘त्यांनी इम्प्लाय केले’ असे लिहिले की आरोपाची जबाबदारी बोलणाऱ्यावर जाते. ‘मी इन्फर केले’ असे लिहिले की ती माझ्याकडे येते, आणि माझा निष्कर्ष चुकीचा असू शकतो हेही मान्य होते. बोलणाऱ्याच्या मनात तसे काहीच नसेल, तर पहिले वाक्य त्याच्यावर अन्याय करणारे ठरते. ‘इन्फर’चा ‘सुचवणे’ या अर्थी वापर सोळाव्या शतकापासून आढळतो हे खरे, तरीही अहवाल, बातमी किंवा साक्ष लिहिताना हा भेद पाळलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांत प्रश्न दिशेचा नसून ‘इंटरेस्ट’ या शब्दाच्या दोन अर्थांचा आहे. एक अर्थ रस, दुसरा हितसंबंध. ज्याला विषयात रस नाही तो अनइंटरेस्टेड, आणि निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी ज्याचा लाभ वा तोटा होणार नाही तो डिसइंटरेस्टेड. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असणे अत्यावश्यक आहे, तर तो अनइंटरेस्टेड असणे ही पक्षकारांची शोकांतिकाच म्हणावी लागेल. सतराव्या शतकात या दोन शब्दांचे अर्थ आजच्या नेमके उलटही वापरले जात होते. आजही पुष्कळ जण पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थी वापरतात, आणि त्यामुळे निःपक्षपातीपणा सांगणारा एक नेमका शब्द झिजत चालला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्येक भेदासाठी मात्र मी असा आग्रह धरणार नाही. ‘कमी’ या अर्थी मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लेस’ हा नियम परीक्षेत गुण मिळवून देतो, पण त्याचा उगम इंग्रजीच्या वापराविषयी लिहिणारे लेखक रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये नोंदवलेल्या वैयक्तिक पसंतीत आहे, आणि त्यापूर्वी अनेक शतके ‘लेस’ दोन्हींसाठी चालत होता. अंतर, वेळ आणि पैसा यांच्या बाबतीत तर आजही शिष्टसंमत इंग्रजीत ‘लेस’च वापरतात. येथे कोणी चुकले तरी वाचकाचा गैरसमज होत नाही.