आमची वाटचाल : डंपी लेव्हल ते डीईएम

"तुम्ही नेमकं करता तरी काय?" हा प्रश्न माझी सोयरीक ठरताना सासऱ्यांनी विचारला होता आणि बँकेतला साहेब अजून विचारतोय. आम्ही जमिनीची उंची विकतो. म्हणजे जमीन नाही, नुसती उंची. कुठलं रान किती उंच, कुठं किती उतार, पाणी कुठून येऊन कुठं जाणार, हे नकाशावर काढून देतो.

सुरुवात 2006 ची. मी डिप्लोमा सिव्हिल, आधी एका कॉन्ट्रॅक्टरकडं विजापूर रोडच्या लेआउटवर स्टाफ, म्हणजे उंची मोजायची लांब पट्टी, धरून उभा राहायचो, मग स्वतःच एक जुनी डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायची तिपाईवरची दुर्बीण, घेतली आणि दाजींच्या ओळखीनं अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडवर दहा बाय बाराची खोली भाड्यानं. आता खाली दिवसभर खटाखट आणि वर आमची लेव्हल, तिचा बबल काय मधे थांबायचा नाही, म्हणून लेव्हल तपासायची तर रविवारी माग बंद असताना किंवा लाइट गेल्यावर. लाइट गेली की खाली मालक वैतागायचे आणि वर आम्ही खूश.

डीईएम हा शब्द पहिल्यांदा 2007 ला ऐकला, डिजिटल एलेव्हेशन मॉडेल. साधं सांगायचं तर जमिनीवर चौकटी चौकटीचं कापड अंथरायचं आणि प्रत्येक चौकोनात एकच आकडा लिहायचा, समुद्रसपाटीपासून तिथली उंची. फेब्रुवारी 2000 मध्ये, म्हणजे आपल्याकडं हुरड्याचे दिवस संपत आलेले तेव्हा, नासाचं एंडेव्हर यान अकरा दिवस वर फिरत होतं, एक रडार यानात आणि दुसरी अँटेना साठ मीटर लांब दांड्याच्या टोकाला, आणि ह्या दोघांच्या नजरेतल्या फरकावरून खालची उंची काढलेली. त्याला एसआरटीएम म्हणतात. आम्ही सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर जी फाइल आणली तिचं नाव एन17ई075, तीन एमबी पण नाही, आणि त्यात सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला सगळं बसलेलं! सर्व्हे ऑफ इंडियाच्या 47 ओ नंबरच्या शीटचा चौकोन पण नेमका तोच. बार्शी-करमाळा वरच्या टाइलमध्ये, म्हणजे शेजारच्या चौकोनाच्या फाइलमध्ये, अक्कलकोट पूर्वेच्या, माळशिरस पश्चिमेच्या. त्या रात्री मी घरी जेवायला गेलोच नाही, कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथंच खाल्ली आणि वरच्या टाइलमधले बार्शीकडचे बालाघाटाचे डोंगर स्क्रीनवर उठताना बघत बसलो.

आणि ह्याच फाइलनं पुढं आमचं तोंड फोडलं.

डिसेंबर 2014 ला जलयुक्त शिवार आलं आणि सगळ्यांना एकदम नकाशे पाहिजे झाले. एका कॉन्ट्रॅक्टरला एक मीटरची कंटूर, म्हणजे दर मीटर उंचीला सारख्या उंचीची एक रेषा, पाहिजे होती, उद्या सकाळी. सॉफ्टवेअरला काय, एक मीटर म्हणा, अर्धा म्हणा, दहा सेंटिमीटर म्हणा, ते काढून देतं, लाज नाही त्याला. आम्ही पण दिली. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात नाला बांधाची जागा त्यावरून ठरली, आणि जागेवर एक म्हातारे आण्णा काठी टेकून उभे, म्हणाले, "ओ मालक, तुमचा कंप्यूटर म्हणतोय म्हणून पाणी चढावर जातंय व्हय?" ओढा तिथून तीनशे फूट लांब होता. मी खिशातून मोबाइल काढून उगीच बघितल्यासारखं केलं.

घरी येऊन हिशेब घातला तो आधीच घालायला पाहिजे होता. त्या फाइलमधला 90 मीटरचा एक चौकोन म्हणजे जवळपास दोन एकर, त्या दोन एकराला मिळून एकच उंची, ती पण पूर्ण मीटरमध्ये, पॉइंटनंतर काही नाही. 30 मीटरचा म्हटलं तरी नऊ गुंठे. आणि ह्या रानाचा उतार चारशे फुटाला एक फूट! म्हणजे त्या डेटाला तिथं उतार दिसूच शकत नाही, दिसतात त्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवरनं ओढलेली कंटूर म्हणजे नुसती रांगोळी. नीट बघितलं तर त्या रेषा चौकोनी वळणं घेत होत्या, मला ते आधी दिसलं होतं, मी स्मूथ करून टाकलं होतं. हे लिहायला आज पण बरं वाटत नाही. पैसे परत दिले.

तेव्हापासून आमच्याकडं कागद घेऊन कोणी आलं की आधी विचारतो, कशासाठी पाहिजे? पाझर तलावाचं पाणलोट किती हेक्टर, रोडची अलाइनमेंट कुठल्या बाजूनं बघायची, बार्शीकडचा डोंगरउतार, असं असेल तर फुकटचा डेटा मस्त चालतो, एसआरटीएम घ्या नाहीतर इस्रोच्या भुवन साइटवरचा कार्टोडेम, त्यांच्याच कार्टोसॅट-1 उपग्रहानं दोन कॅमेऱ्यांनी एकच जागा पुढून-मागून टिपून केलेला. शेताचा निचरा, शेततळ्याची खोदाई, ड्रेनेज असेल तर नाही म्हणजे नाही. ऑक्टोबर 2020 च्या पुरानंतर भीमाकाठावरनं फोनवर फोन, आमच्या घरात पाणी येईल का सांगा. 30 मीटरच्या डेटावरून उंबऱ्याचं काय सांगणार हो? बरीच गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली, तिकडं त्यांना रंगीत नकाशा मिळाला असेल.

ड्रोन आमच्याकडं 2021 चे नवीन नियम आल्यानंतर आला. गावात लोकांना ड्रोनचं नवल नव्हतं, स्वामित्वच्या गावठाण मोजणीनं सवय झालेली. पण पहिल्याच कामात भाच्यानं ड्रोनची उंची आणि जुना एसआरटीएम एकत्र जोडला तर सपाट रानात साठ-सत्तर मीटर खोल दरी! पोरगं घाबरलं, मशीनच खराब म्हणालं. मशीन चांगलं होतं. ड्रोनचं जीपीएस उंची मोजतं ती गणितातल्या गुळगुळीत पृथ्वीपासून आणि एसआरटीएम मोजतं समुद्रसपाटीपासून, आणि आपल्या भागात ह्या दोन्हीत एवढा फरक आहेच, श्रीलंकेच्या खाली तर तो शंभर मीटरच्या वर जातो. आता प्रत्येक कामाला आधी जवळच्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठरलेल्या खुणेवर, जाऊन आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, जुळवतो, मगच ड्रोन उडतो.

मोरीचं एक सांगायचं राहिलं. ड्रोनला रस्ता दिसतो, रस्त्याखालची मोरी दिसत नाही, मग कंप्यूटरला रस्ता म्हणजे धरणच वाटतं आणि तो मागं भलंमोठं तळं दाखवतो. म्हणून आमचा एक माणूस गाडीवर फिरून मोऱ्या मोजतो, आणि मग त्या आम्ही मॉडेलमध्ये हातानं फोडतो. हे काम बिलात धरलं की लोक हसतात.

आता आम्ही सहा जण, ऑफिस जुळे सोलापूरला, खाली माग नाही. सध्या ऊस उभा आहे. ड्रोनला उसाचा शेंडा दिसतो, जमीन नाही, दहा फुटाची चूक तिथंच. परवा मोहोळचे एक बागायतदार चिडले, ॲडव्हान्स देतो म्हणतो तरी नाही म्हणता. त्यांना सांगितलं तोड झाल्यावर, पाचट कुट्टी झाली की फोन करा, मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुमचा नंबर लावलाय.