२१० चा ड्रॉपर अडला, पण एम की एल हे मात्र ठरलं

मंडळी, नव्या माउंटन बाइकची (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली) एल मापाची फ्रेम आली हे मागच्या नोंदीत सांगितलंच होतं. पुढची नोंद चाकांवर लिहायची होती, पण मध्येच सीट ट्यूबने, म्हणजे सीटपोस्ट जिच्यात जातो त्या फ्रेमच्या नळीने, घोळ घातला. हार्डटेलवरचा (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या बाइकवरचा) २१० मिमीचा ड्रॉपर, म्हणजे चालवताना लिव्हर दाबून सॅडल वर-खाली करता येणारा सीटपोस्ट, काढून एल फ्रेममध्ये सोडला. २६२ मिमीवर जाऊन ठक्क. पुढे एक मिलिमीटर सरकायला तयार नाही.

मापपत्रकात रीच (बीबी, म्हणजे पेडलच्या आसापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर), स्टॅक (तेच उभं), चेनस्टे (बीबीपासून मागच्या आसापर्यंत), अगदी बीबी ड्रॉपसुद्धा (बीबी चाकांच्या आसांपेक्षा किती खाली) दशांशापर्यंत दिलाय. सीटपोस्ट किती खोल जाईल, हा रकानाच नाही. फ्रेम मागवण्याआधी विक्रेत्याला विचारलं होतं, तेव्हा उत्तर आलं, ‘एलला २१० सहज बसतो.’ बसतो की! पण कुणाला, ते खालच्या हिशेबात कळेल.

फोनला जोडायचा एंडोस्कोप आत सोडून पाहिलं. मुख्य पिव्होटच्या (मागचा भाग ज्यावर फिरतो त्या सांध्याच्या) वर ट्यूब पुढे वळते आणि वळणाच्या आधीच आतल्या भिंतीची गुळगुळीत बाजू संपते. म्हणजे अडसर कचऱ्याचा किंवा जादा रेझिनचा नाही, घडणीचाच आहे. ‘आतून थोडं घासून घे’ असा सल्ला देऊ पाहणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. कार्बनच्या सीट ट्यूबमध्ये, तेही पिव्होटच्या डोक्यावर, रीमर (भोक रुंद करायचं हत्यार) फिरवणार नाही.

आता आकडे. बीबीच्या मध्यापासून माझ्या सॅडलच्या माथ्यापर्यंत उंची ७४५ (सगळी मापं मिमीत). एलची सीट ट्यूब ४४५. सॅडलच्या रेलपासून (खालच्या दांड्यांपासून) माथ्यापर्यंत ४८. उरले २५२, म्हणजे पोस्ट पूर्ण वर असताना ट्यूबच्या तोंडापासून रेलपर्यंत इतकंच दिसायला हवं. माझ्या २१० च्या पोस्टचं डोकं आणि कॉलर (खालच्या नळीचं वरचं कडं) मिळून ३५, त्यात २१० प्रवास (वर-खाली होण्याचं अंतर), झाले २४५. म्हणजे कॉलर ट्यूबच्या तोंडावर जवळजवळ टेकायला हवी, जेमतेम ७ मिमी वर. कॉलरखाली पोस्टचं शरीर, केबलने चालणाऱ्या तळाच्या अ‍ॅक्च्युएटरसकट ३००, केबलच्या वळणाला किमान २०. गरज ३१३ ची, जागा २६२ ची. ५१ मिमीचा खड्डा. थोडक्यात, एलला २१० बसतो तो ज्याची सॅडल ७९६ वर असते त्याला. तेवढे लांब पाय असते तर मी एक्सएल घेतली असती.

बऱ्याच जणांच्या मनात येणारी पहिली गोष्ट म्हणजे शिम, ड्रॉपरचा प्रवास कमी करायला आत घालायचा तुकडा. त्यावर थोडं बोलायला हवं, कारण गोंधळ नेहमी इथेच होतो. शिम घालून २१० चा १९० केला की पोस्ट कमी वर येतो, पण कॉलरखालचं शरीर तेवढंच लांब राहतं. सॅडल सगळ्यात वर आल्यावर पाय पोचत नसतील तर शिम उपयोगी. पोस्ट खाली अडत असेल तर शिमने फक्त कमी केलेल्या प्रवासाइतकीच जागा सुटते. १९० केल्यावरही मला २९३ खोली लागतेच. दोन वेगळ्या मर्यादा आहेत: वरची सीट ट्यूबच्या लांबीने ठरते, खालची अडसराने. आपण ड्रॉपर निवडताना बहुतेक वेळा वरचीच तपासतो.

मग वाटलं, मापच बदलावं. फ्रेम अजून कोरी आहे, एम बदलून मिळू शकते. एमची सीट ट्यूब ४२०, पंचवीसने आखूड, म्हणजे पोस्ट बाहेर जास्त राहील आणि आत कमी जावा लागेल. हीच फ्रेम एममध्ये वापरणाऱ्या एका सोबत्याला मोजायला सांगितलं. त्याचा पोस्ट २३८ वर अडतो.

आणि इथे डोक्यात ट्यूब पेटली. एल: ४४५ वजा २६२, म्हणजे १८३. एम: ४२० वजा २३८, म्हणजे १८२. अडसर दोन्ही मापांत बीबीपासून एकाच उंचीवर आहे! असणारच, कारण लिंकेज (मागचं चाक आणि शॉक जोडणारे दांडे), पिव्होट, मागचा त्रिकोण सगळ्या मापांत तोच असतो. माप वाढलं की ट्यूब फक्त वरच्या टोकाला लांबते. म्हणून या फ्रेमपुरतं तरी माप बदलून लांब ड्रॉपर मिळत नाही. बाहेर २५ जास्त राहिले की आत साधारण तेवढेच कमी होतात.

याचा अर्थ हिशेब सोपा झाला. सॅडलची उंची, वजा सॅडलची जाडी, वजा १८३. जे उरेल त्यात पोस्टची पूर्ण उघडी लांबी अधिक केबलचे २० मावले पाहिजेत. फ्रेमचं माप समीकरणात येतच नाही. माझ्यासाठी उरतात ५१४. जुन्या २१० ची गरज ५६५. त्याच मॉडेलचा १८० घेतला तर ५००, म्हणजे १४ शिल्लक ठेवून निवांत बसेल. इतके दिवस ‘लांब ड्रॉपर हवा म्हणून एम घ्यावी का’ यावर डोकं शिणवत होतो, तो प्रश्नच निकालात निघाला. त्या रात्री झोप छान लागली.

पण २१० ची सवय झालेल्या माणसाला १८० म्हणजे उतारावर सॅडल पोटाला टोचणार, हे नक्की. मग ५१४ चे आणखी किती करता येतील ते शोधायला लागलो.

सॅडल आधी. माझी ४८ ची, तिच्या जागी ४० जाडीची बघून ठेवली आहे. ८ मिमी फुकटात. गादी थोडी कमी, पण एवढ्या सस्पेन्शनच्या गाडीवर गादीचं कौतुक मला तरी नाही.

दुसरी गोष्ट क्रॅंक, म्हणजे पेडलचे दांडे, आणि इथे योजनाच फिरली. १७० चे घ्यायचे ठरले होते. १६५ घेतले तर पेडल खाली असताना पाय तेवढाच ताणला जावा म्हणून सॅडल ५ ने वर जाते, म्हणजे बीबीपासून ७५०. त्या पाचाचा फायदा थेट पोस्टच्या जागेला होतो. शिवाय दगडांवर पेडल आपटणं कमी, जे मला तसंही हवं होतं. क्रॅंक आखूड झाल्याची भरपाई म्हणून ३२ च्या जागी ३० दात्यांची चेनरिंग (पुढची दातेरी चकती). ३०/५१ वर (पुढे ३०, मागे ५१ दाते) उभा चढ बसूनच निघेल. लहान रिंगने अँटी-स्क्वॉट (पेडल मारताना मागचा भाग दबू न देणारा परिणाम) थोडा वाढेल, तो चढावर चालेल मला.

आता जागा झाली ७५० वजा ४० वजा १८३, म्हणजे ५२७. आखूड शरीराचा २०० चा एक पोस्ट आहे, त्याच्या आकृतीत रेलपासून खालच्या टोकापर्यंत उघडी लांबी ५०३. अधिक २०, झाले ५२३. चार मिलिमीटर शिल्लक! ट्यूब वाकडी असल्याने माझा सरळ हिशेब दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून मागवण्याआधी जुन्या सीटपोस्टच्या तळाशी लाकडी तुकडा पक्का करून त्याच लांबीचा नकली ड्रॉपर बनवला आणि खुणेपर्यंत घातला. गेला. केबलचा खरा तुकडा लावूनसुद्धा गेला, आवरण कुठे मोडत नाही. हा क्षण मी चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

एक सूचना: केबलचं गोल डोकं अ‍ॅक्च्युएटरला बसतं की हँडलवरच्या लिव्हरला, हे आधी बघा. खाली स्क्रूने आवळायची रचना असेल तर टोकाशी आणखी जागा जाते, शिवाय प्रत्येक वेळी पोस्ट उपसून केबलची लांबी जुळवत बसावं लागतं. डोकं खाली आणि स्क्रू लिव्हरवर, हीच शहाण्यासारखी रचना. आणि सीट क्लॅम्पला टॉर्क पानाच लावा. कार्बन पेस्ट लावून मी ५ न्यूटन-मीटरवर थांबतो; जास्त आवळलं की ड्रॉपर वर येताना रडतो आणि दोष आपण कार्ट्रिजला (पोस्ट वर ढकलणाऱ्या आतल्या भागाला) देतो.

तर माप. ड्रॉपर बाजूला झाल्यावर प्रश्न निव्वळ बसण्याचा आणि उभं राहण्याचा उरला. एम: रीच ४५५, स्टॅक ६२०. एल: ४८०, ६३०. माझी उंची १७७ सेंमी, म्हणजे मी बरोबर सीमेवर. उभ्याने दोन्ही चालतील. ५० च्या स्टेमवर (हँडल धरणारा तुकडा) एम आणि ३५ च्या स्टेमवर एल यांत हाताला १० मिमीचाच फरक राहतो, आणि मला आखूड स्टेम आवडतो.

निर्णय झाला तो सीट ट्यूबच्या कोनाने. पत्रकात प्रभावी कोन (बीबीपासून सॅडलपर्यंतच्या रेषेचा) ७७ अंश. पण तो मोजलाय स्टॅकच्या उंचीवर, आणि ट्यूबचा खरा कोन ७१ आहे. सॅडल जसजशी वर जाते तसतशी ती ७१ च्या उताराने मागे सरकते. माझ्या सॅडलच्या उंचीवर कोन येतो ७६.२ च्या आसपास, म्हणजे सॅडल पत्रकातल्यापेक्षा १० मिमी मागे. शिवाय चढावर मागचा शॉक जास्त दबतो, तेव्हा आणखी मागे. म्हणून रेलवर सॅडल १० ने पुढे ढकलणार. तसं केलं की बसल्यावरची लांबीही १० ने कमी होते. एमची आडवी लांबी मुळात ५९८. त्यातून दहा गेले तर गुडघे हँडलच्या गळ्यात. एलची ६२५. एल पक्की. चेनस्टे दोन्हीत ४३५ च, हे मात्र खटकतं. लांब पुढच्या भागाला मागूनही थोडी लांबी द्यायला काय हरकत होती? पुढच्या चाकावर वजन ठेवायला स्टेमखाली स्पेसर कमीच ठेवीन, तरी स्टीअरर (फोर्कची वरची नळी) लगेच कापणार नाही. ६५.५ अंशांच्या हेड अँगलवर (पुढच्या नळीच्या कलावर) १० चा स्पेसर हँडलला ९ मिमी वर आणि ४ मिमी मागे नेतो, आणि सॅडल ५ ने वर गेल्याने थोडी उंची लागेलच.

याच हिशेबाने फोर्कही बदलला. १५० मिमी सस्पेन्शन प्रवासाचा घ्यायचा विचार होता. १० मिमी लांब फोर्कने हेड अँगल साधारण ०.४ अंशाने पडतो, तेवढाच सीटचाही. ७६.२ चे ७५.८. रीच ५ ने घटतो, बीबी ३ ने वर. मी दहा-दहा मिलिमीटर वाचवत बसलोय आणि फोर्कने ते उधळून द्यायचे? १४० च. मागे प्रवास १४० आहे, जोडी जुळते. रॉकशॉक्सचा पाइक यादीत होता, पण लिहिता लिहिता वाटतंय की त्यांचाच लिरिक १४० वर घ्यावा. पाइक १४० ला संपतो, लिरिक तिथे सुरू होऊन १६० पर्यंत जातो. पुढे मन बदललं तर फक्त एअर शाफ्ट (प्रवास ठरवणारा आतला दांडा) बदलायचा. वजन थोडं वाढेल. ७८ किलोच्या माणसाने त्यावर फार विचार करू नये.

शॉक २१०×५५ (लांबी आणि दबण्याचं अंतर), सरासरी लिव्हरेज (शॉक १ मिमी दबला की मागचं चाक किती मिमी हलतं) २.५५. सॅग (चालवणाऱ्याच्या वजनाने शॉक दबणं) ३० टक्के धरून १६.५ मिमीवर ओ-रिंग (खुणेचं रबरी कडं), तिथून सुरुवात. ड्रॉपर पूर्ण खाली ठेवून शॉकमधली हवा काढणार आणि मागचं चाक शेवटपर्यंत दाबून टायर सॅडलला लागतो का ते बघणार. लांब ड्रॉपर आणि २९ चं चाक एकत्र असेल तर ही तपासणी टाळू नका.

बाकीचं पटापट. बीबी थ्रेडेड (आट्यांचं), ७३ चं बीएसए, दाबून बसवायच्या प्रेस-फिटच्या कुरकुरीतून सुटका. हँगर (डिरेलर अडकवायचा तुकडा) यूडीएच या सामायिक मापाचा आहे, त्यामुळे स्रॅमच्या बिनतारी ट्रान्समिशन गिअरचा मोह झाला, पण केबलवरच राहतोय: मागे शिमानोचा डिओर डिरेलर, शिफ्टर मात्र त्यांचाच वरच्या श्रेणीचा एक्सटी. गिअर बदलताना बोटाला जे जाणवतं ते शिफ्टरमधून येतं. कॅसेटवर अजून अडलोय. डिओरची ५९३ ग्रॅम, एक्सटीची ४७०, आणि तो फरक थेट मागच्या चाकावर, शॉकला प्रत्येक दगडावर उचलावा लागणारा. ब्रेक चार पिस्टनचे, पुढे २०३ चा रोटर, मागे फ्रेमला थेट बसणारा १८० चा. २०० आणि २०३ चे अडॅप्टर एकमेकांत घुसडू नका, पॅड रोटरच्या कडेवर बसतात. रिम ३० आतल्या रुंदीच्या, मागे अ‍ॅल्युमिनियमच.

ड्रॉपर, १६५ चे क्रॅंक आणि पातळ सॅडल मागवलंय. लिरिकचं मन पक्कं व्हायचंय. १४० वर लिरिक चालवणारं कुणी असेल तर टोकन (फोर्कमधली हवेची जागा कमी करणारे तुकडे) किती ठेवलेत आणि मधला प्रवास कसा वाटतो ते सांगा, त्यावर फोर्कची ऑर्डर अडलीय.