विंडोज न उडवता शेजारी उबुंटू : माझा अनुभव

ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना कोड शेवटी कुठे चालणार, हे आधी बघावं. आयफोनचं ॲप करायचं तर मॅकला पर्याय नाही, कारण एक्सकोड हे ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालतच नाही. माझं काम पायथनचं आणि सर्व्हर लिनक्सचे, म्हणून उबुंटू २४.०४, हा लिनक्सचाच एक प्रकार. पण सांगलीतल्या आमच्या हळदीच्या अडतीचं टॅली त्याच लॅपटॉपवर, त्यामुळे विंडोज ठेवणं भागच होतं.

लॅपटॉप सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी. विंडोज ११ ला इंटेलचा बहुतेक आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे रोजच्या कामाला दुसरं काही हवंच होतं. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, आधी लावून बघितलं. ते निम्मी रॅम वापरू शकतं, त्यात डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) आणि क्रोम उघडलं की मशीन रडतं. रॅम १६ जीबी असेल तर मात्र खुशाल डब्ल्यूएसएलच घ्या. फक्त प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवरून फायली फार हळू वाचल्या जातात.

म्हणून उबुंटू डिस्कवर वेगळ्या जागेत बसवायचं ठरवलं. टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घातला की ती मागितली जाऊ शकते. फास्ट स्टार्टअप बंद केलं, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि उबुंटूतून विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) नुसतं वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमधून ८० जीबी मोकळे केले. जागा कमी दाखवली तर हायबरनेशन आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) तात्पुरती बंद करा. या फायली मधेच अडून बसतात. आपल्याकडे लाईटचा नेम नाही, तेव्हा बॅटरी भरलेली असू द्या.

खरी अडचण पुढे. उबुंटूच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसेना, कारण बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) इंटेल आरएसटीवर होता. तो थेट एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. म्हणून आधी विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूटवर खूण केली, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदलला, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ दिलं आणि खूण काढली. डेटा जागेवर राहिला.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं, कारण उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं. टाइमडेटसीटीएल कमांडने ते स्थानिक वेळेवर आणलं.

विंडोजवरून आणलेला कोड लगेच चालेलच असं नाही. लिनक्सवर फाइलच्या नावातलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरतात, त्यामुळे कोडमध्ये नाव चुकीच्या अक्षरात लिहिलं असेल तर फाइल सापडत नाही. पण सर्व्हरवर फुटण्यापेक्षा ते इथेच कळतं.