ग्रंथालयाच्या रजिस्टरमधले पाच दिवस

कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देणारी नॅक म्हटलं की लोकांना रंगकाम, कुंड्या आणि फाटकातली रांगोळी आठवते. पण 2017 पासून पद्धत बदलली आहे. साधारण 70 टक्के गुण कॉलेजनं स्वतः भरलेल्या आकडेवारीवर मिळतात, आणि प्रत्यक्ष पाहणी करणारी तज्ज्ञांची पिअर टीम येते तेव्हा ते बरेचसे ठरून गेलेले असतात. मी ग्रंथपाल आहे. 2019 मध्ये आमच्या कॉलेजची पाळी आली, तेव्हा माझंच रजिस्टर पुढे आलं.

एसएसआरमध्ये, म्हणजे कॉलेजनं स्वतःबद्दल भरून द्यायच्या अहवालात, सात निकष असतात. ग्रंथालय चौथ्यात, पायाभूत सुविधांमध्ये येतं. त्यात एक साधा प्रश्न होता: रोज सरासरी किती विद्यार्थी आणि प्राध्यापक ग्रंथालय वापरतात? मसुद्यात कुणीतरी 210 लिहून ठेवलं होतं. माझ्या दाराशी लांबट, कापडी बांधणीचं रजिस्टर असतं, त्याला दोऱ्यानं पेन बांधलेलं. येणारा प्रत्येक जण त्यात सही करतो. मी वर्षभराच्या सह्या मोजल्या. सरासरी 64 आली.

"मॅडम, सगळेच एवढं लिहितात," असं मला सांगण्यात आलं. मी रजिस्टर उचललं आणि थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी बराच वेळ पानं चाळली आणि म्हणाले, "64च टाका."

पुढे डीव्हीव्हीचा, म्हणजे आकडे पडताळणाऱ्यांचा, खुलासा मागणारा प्रश्न आला. त्यांनी पाच तारखा दिल्या आणि त्या दिवसांच्या पानांच्या प्रती मागितल्या. त्यातली एक तारीख ऑगस्टमधल्या मुसळधार पावसाची होती. त्या पानावर 19 सह्या. ती प्रत काढताना माझे हात थंड पडले होते, पण पान जसं होतं तसंच पाठवलं. आमचा आकडा कायम राहिला. 210 लिहिलं असतं तर त्या पाच पानांसमोर आम्ही काय सांगणार होतो?

टीम आली तेव्हा त्यातल्या एका सदस्यांनी तेच रजिस्टर मागवलं आणि उभ्या उभ्या वाचलं. त्यांनी विचारलं, "दीडनंतर सह्या एकदम का थांबतात?" मी सांगितलं, तास सकाळी आठला सुरू होतात, ग्रंथालय साडेदहाला उघडतं, आणि गावाकडची एसटी दीडला सुटते. ते काही बोलले नाहीत, फक्त टिपून घेतलं. अहवालातल्या शिफारशींत एक ओळ होती: ग्रंथालयाची वेळ विद्यार्थ्यांच्या सोयीनुसार करावी. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. जूनपासून आम्ही साडेसातला कुलूप काढू लागलो.

आम्हाला 2.78 सीजीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, मिळाला; श्रेणी बी प्लस प्लस. तीनच्या वर गेलो असतो तर ए मिळाला असता. काही सहकारी महिनाभर माझ्याशी मोजकंच बोलत होते.

यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 1994 मध्ये नॅक स्थापन केलं, नॅकचं मुख्यालय बंगळुरूला. तिथून देशभरातल्या कॉलेजांच्या दाराशी कुणाला उभं राहता येणार नाही. त्यांच्या हाती आपण पाठवलेले कागदच असतात. म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये लाचेच्या आरोपावरून सीबीआयनं तपासणी समितीतल्या सदस्यांना अटक केल्याची बातमी वाचली, त्या रात्री मला झोप लागली नाही. पानं जपणारे इकडे आणि ती वाचणारे तिकडे, दोन्ही माणसं खरी हवीत.

आता श्रेणी काढून टाकून फक्त 'मानांकित' किंवा 'मानांकित नाही' असं ठरवायचं धोरण आहे. दशांशासाठीची धावपळ त्यानं कमी झाली तर मला बरंच वाटेल. मात्र कुठल्याही पाच तारखांची पानं मागण्याची पद्धत कुणी बंद करू नये.

परवा यंदाच्या एक्यूएआरसाठी, म्हणजे नॅकला पाठवायच्या वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी, सह्या मोजल्या. सरासरी 97 आली. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं आणि दोन महिने पुन्हा मोजून पाहिले.